उर्वरित अंश

डॉक्टर शिंत्र्यांच्या केबिनमध्ये
एका गालाचा आडवा छेद भिंतीवर टांगलाय,
केकच्या तुकड्यासारखा.
आत केसाचं मूळ, तेलाच्या पिशव्या.
आई तिकडे बघत नाही.

वीस मिलिग्रॅम, सहा महिने, जेवणानंतर.
जेवणात तूप असू दे, म्हणाल्या.
तूप ऐकून आई जरा सैल झाली.
मग पुढचं : ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील,
कधी नाकातून रक्त, कंबर धरेल.
दर महिन्याला रक्त तपासायचं.
आधी वाढतील, मग जातील.
उदास वाटलं तर लगेच फोन, संकोच नको.
आणि, लिहिता लिहिताच,
दिवस राहता कामा नयेत.
गोळी बंद झाल्यावरसुद्धा महिनाभर.

अहो, तिचं लग्न नाही झालेलं, आई म्हणाली.
मी लग्नाचं विचारलं नाही, डॉक्टर म्हणाल्या.
मधे फक्त पंखा फिरत होता.

अंबडच्या लॅबमध्ये मी द्राक्षं तपासते.
दिंडोरीचे, पिंपळगावचे नमुने पिशव्यांतून येतात,
आम्ही त्यांचा लगदा करतो,
आणि मशीन सांगतं
कुठल्या फवारणीचं काय, किती उरलंय आत.
मग मी फोन करते :
काका, अजून नऊ दिवस तोडू नका.
अगं पण माल बघ ना, काच आहे काच!
दिसतोय काका. दिसण्याचा रकाना नाही माझ्याकडे.

म्हणून त्या रात्री नमुन्याच्या चिठ्ठीमागे
मी रेघ मारून दोन रकाने केले.
उजवीकडचा लगेच भरला, डॉक्टरांनीच भरून दिलेला.
डावीकडे लिहिलं, आरसा.
खोडलं.
उशीच्या अभ्र्यावरचे डाग, लिहिलं.
डाव्या कानाला फोन न लावणं.
पाथर्डी फाट्यापासून बांधलेला स्कार्फ
लॅबमध्ये पोचल्यावरही
उगाच पाच मिनिटं न सोडणं.
सिन्नरच्या मावशीचं जायफळ,
शेजारच्यांची मुलतानी माती,
"उष्णता आहे", "पोट साफ नसेल",
"लग्नानंतर जातात आपोआप",
हे सगळं एका ओळीत मावेना.

रुबिनानं तीन वर्षांपूर्वी घेतली होती.
मिसळ विसर, म्हणाली,
रस्सा ओठांना लागला की आई आठवते.
मग पिपेट धुता धुता,
तिसऱ्या महिन्यात मी रडायचे गं, विनाकारण.
गोळीनं की शेख सरांच्या शिफ्टनं, ते नाही कळलं.
परत घेशील?
तिनं नळ बंद केला.
घेईन. पण कुणाला तरी सांगून घेईन.

आता चौथा महिना. जानेवारी.
निफाडला पारा चारवर गेलाय,
आणि ओठ म्हणजे भेगाळलेली टाच.
हसू आलं तर आधी हातानं ओठ धरते,
त्यामुळे उशिरा हसते,
लोकांना वाटतं मी विचार करून हसते.
आई रोज रात्री साजूक तूप वितळवून
माझ्या भातावर ओतते
आणि नंतर, काही न बोलता, वाटीतलं बोट
माझ्या ओठांवरून फिरवते.
मागच्या मंगळवारी तिनं विचारलं,
उदास वाटतंय का?
तारखेला विचारावं तसं. डायरीत लिहून ठेवलंय तिनं,
दर मंगळवार.

अभ्रा दोन आठवडे पांढरा आहे.
गालावरचे खड्डे मात्र राहिलेत,
ते गोळीच्या हिशोबात नव्हतेच.
परवाचा रिपोर्ट : रक्तातली चरबी एकशे अडुसष्ट,
हवी दीडशेच्या आत.
डॉक्टर शिंत्रे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, चालेल.

चालेल.
सहा वर्षांत मी हा शब्द
एकाही रिपोर्टवर लिहिलेला नाही.
आम्ही आकडा लिहितो, खाली मर्यादा लिहितो,
आणि सही करतो.

डबा उघडला. आज तूप थिजलेलं.
केशरी गोळी तळहातावर,
एखाद्या मण्याएवढी, कोवळ्या मण्याएवढी,
ज्याला अजून कुणी तोडू नका सांगायचंय.